हॉटेलचा पलंग

रविवार, १४ एप्रिल

पलंग घेतला.

खरं तर त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावरच्या रविवारच्या बाजारात मी नळाचे वॉशर बघायला गेलो होतो. पोपट विकणाऱ्याच्या पलीकडे हा भिंतीला टेकवून उभा केलेला. गडद लाकूड, उशाकडच्या फळीवर कोरलेला द्राक्षांचा घड, आणि रुंदी अशी की दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता झोपतील, आणि लावायचा असला तर लावताही येईल. विकणारा म्हणाला, स्टेशनाजवळचं जुनं हॉटेल बंद पडलं, तिथला माल. मी म्हटलं, हॉटेलचा म्हणजे मजबूतच असणार.

शेजारच्या एल्बियोच्या टेम्पोतून आणला. बायको, निबिया, शिवण टाकून दारातच आडवी आली. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढल्या आणि म्हणाली, "हे काय?"

"पलंग. सरप्राइज."

"कुठला?"

"हॉटेलचा."

"हॉटेलचा! अरे, किती माणसं लोळली असतील त्याच्यावर, फटीफटीतून काय काय राहिलं असेल. माझ्याकडे शिवायला लोकांचे कपडे असतात, एबेर. गच्चीवर ने. काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांध आणि राहू दे महिनाभर. मग बघू."

"शेजारीणबाई," एल्बियो म्हणाला, "लाकूड आहे ते, लोणचं नाही मुरत घालायला."

ती हसली नाही. दोघांनी मिळून गच्चीवर नेला. माझं कंबरडं मोडलं.

गेल्या हिवाळ्यापासून निबिया शिवणाच्या खोलीतल्या दिवाणावर झोपते. माझ्या घोरण्यानं तिला झोप लागत नाही म्हणते. घोरतो तर मी लग्नापासूनच. आमच्या खोलीत दोन सुटे पलंग आहेत, मध्ये स्टूल. मला वाटलं, एक चांगला मोठा पलंग असला तर... असो.

शुक्रवार, १९ एप्रिल

मंगळवारपासून पाऊस. प्लॅस्टिक वाऱ्यानं फडफडत होतं, कोपऱ्यातून पाणी आत जात होतं. फळीवरचा पापुद्रा सुटला तर पलंग गेलाच म्हणायचा. निबिया एका गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेली होती, तेवढ्यात एल्बियोला हाक मारली आणि पलंग खाली आणला. व्हिनेगर घालून वरून सगळा पुसला. फटी बघणार होतो, पण चष्मा सापडेना.

जुने दोन पलंग मागच्या खोलीत टाकले आणि हा लावून टाकला. नवी चादर घातली, निळी. राजेशाही दिसतो.

निबिया आली, बघत उभी राहिली. जेवताना म्हणाली, "गच्चीवर ठेवायचं ठरलं होतं."

"पाऊस होता ना."

"ठरलं होतं."

मग सूप प्यायली. मी समजलो, पटलं.

रविवार, २१ एप्रिल

काल ती नव्या पलंगावर झोपली. तिचीही पाठ धरली होती म्हणून, पण झोपली. सकाळी मी आधी उठून पाणी तापवलं, माते, म्हणजे आमचा कडू हिरवा चहा, भरलं, आणि थर्मास घेऊन तिच्याजवळ बसलो. तिनं एक घेतलं, नळी ओढता ओढता म्हणाली, "पलंग चांगला आहे, म्हाताऱ्या."

मला एवढंच हवं होतं. दिवसभर शीळ घालत होतो. तिच्या दोऱ्यांच्या रिळांचा पसारा बघवत नव्हता, तो रंगाप्रमाणे लावून दिला. कंडक्टर होतो तेव्हाही माझी तिकिटं अशीच लावलेली असायची. ती म्हणाली, "माझा मला सापडत होता हिरवा." चेष्टेनं म्हणाली असेल.

शनिवार, २७ एप्रिल

निबियाच्या हातावर आणि मानेवर लाल गांधी. ओळीनं आहेत, टिपा घातल्यासारख्या. डास असणार, मे तोंडावर आला तरी यंदा थंडी पडत नाही. माझ्या अंगावर एकसुद्धा नाही, आणि आम्ही झोपतो एकाच पलंगावर. म्हणजे पलंगाचा प्रश्नच येत नाही. हे मी तिला नीट पटवून सांगितलं.

"तुझं कातडं बसच्या सीटचं आहे," ती म्हणाली आणि दिवाणावर परत झोपायला गेली.

शनिवार, ४ मे

आजचा दिवस वाईट गेला. लिहू की नको असं झालंय.

रोसाना म्हणून एक गिऱ्हाईक आहे, मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा झगा निबियाकडे टाकला होता. पांढरं सॅटिन, कमरेपासून खाली घेरच घेर. निबिया महिना झाला त्याच्यावर डोळे फोडतेय. गुरुवारी नेऊन दिला. आज सकाळी रोसाना खोका घेऊन परत आली. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"निबिया, रागावू नको," ती म्हणाली. "पोरीनं झगा घातला होता, आरशासमोर उभी होती, सगळे बघत होतो. माझ्या सासूबाई पण होत्या. आणि हे."

खोका उघडला. आतल्या शिवणीशी एक ढेकूण चालत होता. निबियानं अंगठ्यानं दाबला. सॅटिनवर लाल ठिपका पडला आणि तो वास आला, ढेकणाचा, उग्र, गोडसर. मी लहानपणी आजोळी घेतला होता तो वास. एकदा घेतला की विसरत नाही.

"मी दुसरीकडे करून घेते," रोसाना म्हणाली. "पैसे राहू देत तुझ्याकडे." आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती इतकी नीट वागली की निबियाला खाली बघवेना आणि वर बघवेना.

ती गेल्यावर मी म्हटलं, "कशावरून आपल्याकडचा? तिच्या घरातलाही असेल. सासूबाईंच्या अंगावरचा असेल."

निबियानं माझ्याकडे बघितलं. बसच्या खिडकीतून रस्ता बघतात, तसं. मग इस्त्री लावली आणि घरातलं एकेक कापड काढून इस्त्री करत राहिली. जेवलीच नाही.

सोमवार, ६ मे

औषध मारणारा आला. दार्दो नाव, पाठीवर टाकी, सारखा खोकतो. त्यानं पलंगाचे स्क्रू काढले, उशाकडची फळी उलटी केली. द्राक्षांचा घड मागून पोकळ आहे, हे मला माहीत नव्हतं. त्या पोकळीत त्यांचं गाव वसलं होतं. अंडी, कात, काळे ठिपके, आणि ते, भरलेले, सुस्त. दार्दोनं टॉर्च धरला आणि म्हणाला, "या, बघा." मी बघितलं. निबियानंही बघितलं. मला वाटलं ती आता ओरडेल. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून हात धूत बसली, कोपरापर्यंत.

दिवाणाच्या शिवणीतही निघाले. तिच्या मागोमाग गेले म्हणे.

दार्दो म्हणाला, दोनदा तरी मारावं लागेल, मध्ये थांबून. पलंग मोडून टाका. अख्खा रस्त्यावर ठेवू नका, कुणीतरी उचलून घरी नेईल आणि त्यांच्याकडे सुरू. "आणि घर सोडून पळायचं नाही. माणूस नसला की ते शोधत फिरतात, भिंतीतून शेजाऱ्याकडेही जातात. एकानं तरी इथंच झोपायचं, रोज, त्याच जागी. म्हणजे ते औषधावरून चालत येतात."

"म्हणजे आमिष," मी म्हटलं.

"तसंच समजा."

"मग हा झोपेल," निबिया म्हणाली. "मी सुलीकडे जाते."

सुली तिची बहीण. नवरा गेल्यापासून अटलांटिडाला एकटी असते, समुद्राच्या बाजूला.

गुरुवार, ९ मे

निबिया गेली. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. एल्बियोनं सोडलं. प्रत्येक कपडा उकळून, वाळवून, पिशव्यांची तोंडं चिकटपट्टीनं बंद करून नेला. मशीनचा तर तिनं खिळा न् खिळा पुसला. उन्हाळ्याचे कपडेसुद्धा नेले. मी म्हटलं, उन्हाळा डिसेंबरात, केवढा लांब आहे! ती म्हणाली, इथं राहिले तर त्यांना ढेकूण लागतील. बरोबरच आहे. तिच्या आईचा फोटोही नेला. चौकटीत ढेकूण बसतात, हे मला सुचलं नसतं.

निघताना मी गाल पुढे केला. तिनं हातानंच माझा दंड दाबला, लांबून. अंगाला अंग लागू नये म्हणून. काळजी घेते.

शनिवार, ११ मे

पलंग फोडला.

फूटपाथवर नेऊन कुऱ्हाड घेतली, तेवढ्यात एक हातगाडीवाला थांबला, भंगार गोळा करणारा. गाडीवर पुठ्ठे, आणि पुठ्ठ्यांवर त्याची बायको बसलेली, पोटुशी.

"काका, फोडताय कशाला? आम्हाला द्या."

"याच्यात ढेकूण आहेत."

"असू देत, आम्ही उन्हात टाकू."

"उन्हानं नाही जात."

"काका, आम्ही जमिनीवर झोपतो हो."

बाई त्या द्राक्षांकडे बघत होती. मी काय करायला हवं होतं, मला अजून कळत नाही. दिला असता तर तिच्या बाळाच्या अंगावर गांधी उठल्या असत्या. मी कुऱ्हाड घातली. पहिला घाव नीट बसला नाही, दुसराही नाही. तो माणूस तिथंच उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "माणसाला द्यायचं सोडून जाळायला निघालेत. लाज वाटू द्या." आणि गाडी ओढत गेला.

मी त्याच्या मागे "अहो, ऐका" असं ओरडलोसुद्धा. पुढं काय सांगणार होतो कोण जाणे.

आता मागच्या खोलीतला जुना पलंग पुसून, औषध मारून, इथं आणलाय. त्याच्यावर झोपतो. आमिष.

रविवार, १२ मे

मातृदिन. आमच्या मुलीचा, यानिनाचा, व्हॅलेन्सियाहून फोन. आधी आईशी बोलली होती.

"बाबा, आईशी बोललास का?"

"रोज बोलतो. कालच सांगितलं तिला, दार्दो परत कधी येणार ते."

"ढेकणांचं नाही म्हणत मी."

"मग कशाचं?"

ती गप्प बसली. तिकडची लाइन फार खराब असते.

रविवार, २ जून

अटलांटिडाला गेलो. जुन्या ओळखीचा ड्रायव्हर निघाला, त्यानं पुढं बसवलं. हिवाळ्यात तिथं चिटपाखरू नसतं. वाळू रस्त्यावर येऊन पडलेली, बंगल्यांच्या खिडक्या बंद.

सुली फाटकाशीच उभी होती. हातात काळी पिशवी.

"गॅरेजमध्ये जा आणि सगळं याच्यात काढ. बूटसुद्धा."

"सुली, मी काय कुत्रा आहे?"

"कुत्र्याला मी घरात घेते. काढ."

आत तिच्या नवऱ्याची विजार आणि स्वेटर ठेवला होता. तो माझ्यापेक्षा उंच होता, बाह्या दुमडाव्या लागल्या. मेलेल्या माणसाच्या कपड्यात मी बायकोला भेटायला घरात गेलो.

निबिया छान दिसत होती. केस कापलेत. गांधी पार गेल्यात. मशीन खिडकीशी ठेवलंय, तिथून पाइनची झाडं दिसतात. जेवताना दोघी बहिणी कुठल्यातरी शाळेतल्या गोष्टीवर इतक्या हसल्या की सुलीला ठसका लागला. मला गोष्ट कळली नाही, पण मीही हसलो.

फाटकावर पाटी लावलीय, "शिवणकाम व दुरुस्ती", निळ्या रंगानं, अक्षराला सावली वगैरे काढून. मी म्हटलं, "आणखी दोन आठवड्यांसाठी एवढा रंग कशाला वाया घालवायचा?" सुली उठून ताटं घेऊन गेली. निबिया म्हणाली, "इथल्या बायकांना माझं काम आवडतंय, एबेर."

हुशारच आहे. वेळ फुकट घालवत नाही.

बुधवार, २६ जून

दार्दो अखेर दुसऱ्यांदा येऊन गेला, महिनाभर उशिरानं. यंदाची थंडी हाडात शिरते. गॅसची शेगडी खोलीखोलीतून ओढत नेतो. दार्दो म्हणाला, एकही जिवंत दिसला नाही, पण खात्री द्यायची तर आता वाट बघायची. कुणाला चावला नाही म्हणजे साफ.

मी निबियाला लगेच फोन केला. "एकही चावला नाही मला!"

"तुला आधीही कुठं चावलेलं दिसत होतं?"

हे खरं. माझ्या अंगावर उमटतच नाही. रोज सकाळी आरशासमोर उघडा उभा राहून बघतो. काही नाही. काही नाही म्हणजे ढेकूण नाहीत की मी असा आहे, कसं कळायचं? मी दार्दोला विचारलं. तो खोकला आणि म्हणाला, "ज्याच्या अंगावर उठतं ते माणूस झोपवा."

ते माणूस एकच आहे.

रविवार, ७ जुलै

धीर करून फोनवर विचारलं. "एक रात्र ये. फक्त एक. सकाळी बघू, तुझ्या हातावर काही नसलं तर झालं, संपलं."

"मी काय डॉक्टरची कागदाची पट्टी आहे, एबेर? बुडवून बघायला?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मी म्हटलं, थंडी फार आहे. ती म्हणाली, हो, इथंही.

मंगळवार, ९ जुलै

एल्बियोनं मार्ग काढला. त्याच्या अंगावर साधी मुंगी चावली तरी लिंबाएवढं येतं. म्हणाला, "तुझ्या संसारासाठी मी रक्त सांडतो." जेवण करून दुपारी माझ्या पलंगावर चड्डी-बनियनवर आडवा झाला. मी बाहेर पेपर वाचत बसलो. त्याच्या घोरण्यानं छताच्या काचा थरथरत होत्या. असं तीन-चार दुपारी करायचं ठरलंय. त्याची बायको म्हणते, त्याला तिकडेच ठेवा.

सोमवार, १५ जुलै

एल्बियोच्या अंगावर एकही गांध नाही. पाठसुद्धा बघितली. निबियाला फोन केला, एल्बियोच्या हातात दिला, त्यानं शपथेवर सांगितलं. "शेजारीणबाई, घर चर्चसारखं स्वच्छ आहे."

ती त्याला म्हणाली, "थँक्यू, एल्बियो. तू फार चांगला आहेस." मला म्हणाली, "बघते."

बघते म्हणाली! मी पडदे धुतले. निळी चादर उकळली, इस्त्री केली. रिळं होती त्या फळीवर आता काही नाही, ती मोकळी फळीही पुसून ठेवली.

गुरुवार, २५ जुलै

तिचा फोन. सोमवारी येतेय! कापड कापायचं मोठं टेबल बघायचंय म्हणाली. मी म्हटलं, टेबल आहे तसंच आहे, मीही आहे तसाच. तीही हसली.

सोमवार, २९ जुलै

महिन्याची एकोणतीस, म्हणून रिवाजाप्रमाणे न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे, केले. बटाटे सकाळीच उकडून ठेवले. ताटांखाली बरकतीची नाणी ठेवली.

ती आली, एकटीच. पोटभर जेवली, आणखी सॉस मागून घेतला. यानिनाबद्दल बोललो, सुलीच्या गुडघ्याबद्दल बोललो. मी म्हटलं, "थोडी पड ना. प्रवास करून आलीस." ती उभी राहून पलंगाकडे बघत राहिली. मग बूट काढले आणि निळ्या चादरीवर आडवी झाली. कूस बदलली आणि झोपली.

मी दाराशी खुर्ची घेऊन बसलो. रस्त्यावर गॅसवाला ओरडत आला, त्याला हात हलवून हलवून गप्प केलं. बराच वेळ झोपली होती. मला वाटत होतं आता उठेल आणि म्हणेल, झालं, परत येते.

उठली. बाह्या वर करून दोन्ही हात माझ्यासमोर धरले. मान वळवून दाखवली. काही नव्हतं. गोरी, सुरकुतलेली, माझ्या ओळखीची मान.

"घर साफ आहे, एबेर," ती म्हणाली. "तू खूप कष्ट घेतलेस."

"मग केव्हा येतेस?"

ती पलंगाच्या कडेवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. वर न बघता म्हणाली, "मी येणार नाही रे. टेबल न्यायला आलेय. चार वाजता ट्रक येईल."

"पण ढेकूण गेले."

"ढेकणांमुळे नाही. त्यांच्या आधीपासून मला इथं झोप लागत नव्हती. मी रोज ठरवायची तुला सांगायचं, आणि तू काहीतरी करत असायचास माझ्यासाठी."

मी म्हटलं, "मला कळलं नाही." ती म्हणाली, "माहितीये." रागानं नाही म्हणाली.

ट्रक वेळेवर आला. दोन हमाल. निबिया टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "नेण्याआधी एकदा बघशील? तुझा हात आता बसलाय. सुलीच्या घरात काही जायला नको."

मी टॉर्च आणला, चष्मा लावला. टेबल उलटं केलं. ड्रॉवर बाहेर काढून त्याची खाच बघितली, तळ बघितला. प्रत्येक सांध्यात पातळ पट्टी घालून ओढली, स्क्रूची भोकं बघितली, पायांखालचे बनातीचे तुकडेही उचकटून बघितले. तीन पाय झाले. हमाल सिगरेट ओढत थांबले होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी पहिला पाय परत बघायला घेतला.

"पुरे, एबेर," निबिया म्हणाली.

"चौथा राहिलाय."

ती थांबली. घाई केली नाही, हे मी लिहून ठेवतो. कोटाची बटणं लावून माझ्या शेजारी उभी राहिली आणि टॉर्च तिनं हातात धरला, मला दोन्ही हात मोकळे मिळावेत म्हणून. मी चौथा पाय वरपासून खालपर्यंत बघितला, सावकाश, शिरेशिरेनं. कुठंही काही नव्हतं.